३२(२) ची नोटीस आली, त्यानंतर: माझा अनुभव

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला एमआयडीसीच्या भूसंपादनाची नोटीस आली, तेव्हा जो तो हेच म्हणत होता: "ऐंशी टक्के लोकांनी सह्या दिल्या नाहीत तर जमीन जात नाही." या एका समजुतीपायी माणसं गाफील राहतात. खासगी कंपनीसाठी ऐंशी टक्के संमतीची अट २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्यात कलम १०५-अ घालून महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खालचं, म्हणजे एमआयडीसीसाठीचं, संपादन वगळून टाकलं. भूखंड शेवटी खासगी कंपनीला जाणार असला तरी संमतीची अट नाही आणि सामाजिक परिणामांचा अभ्यासही नाही.

आपल्या हातात राहतं ते १९६१ च्या कायद्यातलं कलम ३२. पोटकलम (२) ची नोटीस म्हणजे जमीन का घेऊ नये हे सांगण्याची संधी. त्यानंतर पोटकलम (१) ची अधिसूचना राजपत्रात आली की त्या तारखेपासून जमीन शासनाची होते, आणि पुढची नोटीस बजावून तीस दिवसांत ताबा मागता येतो. म्हणून सगळा जोर (२) वर लावायचा. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, ती आधी बघा.

छापील मजकुराखाली गावभर सह्या घेतलेली हरकत मला कमकुवत वाटते. एकच उत्तर देऊन सगळ्या निकालात काढता येतात. आम्ही प्रत्येक खातेदाराची वेगळी हरकत लिहिली. आपल्याकडे वाडीतली कितीतरी घरं गावठाणाबाहेर, वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत उभी आहेत. सातबाऱ्यावर घर दिसत नाही आणि यादीत नुसता गट नंबर आणि क्षेत्र येतं. म्हणून सातबारा, आठ-अ, फेरफार यांच्या जोडीला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा असेसमेंट उतारा आणि लाईट बिल लावायचं. मजकूर असा: "गट नं. अमुक, हिस्सा नं. २ मध्ये माझं राहतं चिरेबंदी घर, घर क्र. अमुक, एक बांधीव विहीर, हापूसची ४२ कलमं आणि काजूची १८ झाडं आहेत. ही जागा संपादनातून वगळावी. मला समक्ष सुनावणी द्यावी." शेवटचं वाक्य हवंच. कातळावर खोदचित्रं असतील तर तेही लिहा. बारसू, देवीहसोळची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

उताऱ्यावर मयत आजोबांचं नाव असेल तर वारसनोंदीची वाट बघत बसू नका. मृत्यूचा दाखला जोडून प्रत्येक वारसाने आपापली हरकत द्यावी. मुंबईकर भावांना वेळेत कळवा. कुळालाही हितसंबंधित म्हणून हरकत घेता येते.

हरकतीच्या दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने पाठवायची. सुनावणीला हजेरीची सही करण्याआधी कागदाचा मथळा वाचा. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही अजिबात नको. आपण जे बोललो ते रोजनाम्यात (सुनावणीच्या लेखी नोंदीत) आलंय का, हे तिथेच बघून नक्कल मागायची.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. हद्दीचा नकाशा, मूळ प्रस्ताव आणि, संमतीची अट नसली तरी घेतलेली असतील तर, संमतीपत्रांची गटवार यादी मागा. ती यादी फेरफारांशी ताडून पाहिली की नोटिशीच्या आधी कोणी परक्यांनी जमिनी घेतल्या ते कळतं. बैठकीत "इतक्या टक्क्यांनी संमती दिली" म्हणतात त्यात हे नवे खातेदारही धरलेले असू शकतात.

संयुक्त मोजणीवर गावात मतभेद होतात. मोजणी रोखण्याचा आग्रह मी समजू शकतो, पण मोजणी होणारच असेल तर माझं मत हजर राहावं असंच आहे. मालक नसताना झालेल्या पंचनाम्यात हापूसच्या कलमांची नोंद साध्या रायवळ आंब्याची होते आणि विहीर सुटते. झाडं मोजून घ्या, फोटो काढा आणि सही करताना "हरकत कायम ठेवून" असं स्वतःच्या हाताने लिहा.

हरकत कारणं न देता फेटाळली तर उच्च न्यायालयात रिट याचिका. रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडला मुंबईच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बिमल कुमार शाह प्रकरणात सांगितलंय की नोटीस, सुनावणी आणि सकारण निर्णय हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ मधल्या मालमत्तेच्या हक्काचेच भाग आहेत. वकिलाला हा निकाल दाखवा.

नाणार रिफायनरीची २०१७ ची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, म्हणजे शासनाला माघार घ्यायला लावता येते. पण सभेतल्या घोषणेवर विसंबू नका. रद्द केल्याच्या राजपत्राची प्रत मिळवा, आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात संपादनाचा शेरा चढला असेल तर ती प्रत जोडून तो कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्या. शेरा तसाच राहिला तर खरेदीखत आणि बँकेचं कर्ज दोन्ही अडतं.