रजेचं कारण: मानसिक ताण

इथे ब्रिटनमध्ये नर्स आजारी पडली तर पहिले सात दिवस डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत नाहीत. आपणच फॉर्म भरायचा, आपणच कारण लिहायचं. नियम मला ठाऊक होता. पण परवा आमची इन्चार्ज सिस्टर रजेवरून परतली आणि चहा पिताना सगळ्यांसमोर म्हणाली, "कारणाच्या रकान्यात मी मानसिक ताण लिहिलं." कुणी भुवई उंचावली नाही. मॅनेजरने तिला बसवून विचारलं होतं: झोप लागते का, रात्रपाळ्या काही दिवस काढून टाकू का?

2020 च्या पहिल्या लाटेत तिला आयसीयूत पाठवलं होतं. भेटायला बंदी, म्हणून पेशंटच्या तोंडासमोर टॅब धरून ती घरच्यांना शेवटचं बघू द्यायची. टॅब धरलेला हात कापू नये म्हणून कोपर पलंगाच्या कठड्याला टेकवायचं, हेसुद्धा तिने करून दाखवलं. इतकी वर्षं झाली तरी मॉनिटरचा आवाज तिला घरी ऐकू येतो. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आजारपणाच्या रजेचं सगळ्यात मोठं कारण म्हणून चिंता, ताण, नैराश्य हेच नोंदवलं जातं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. उलट, निदान नोंद तरी होते!

आणि माझी वहिनी? तीही नर्स, गोव्यातच. ऑक्सिजनच्या तुटवड्याच्या दिवसांत, 11 मे 2021 ला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पहाटे 2 ते 6 मध्ये 26 रुग्ण दगावल्याची बातमी आली, तेव्हा ती दुसऱ्या इस्पितळात कोविड वॉर्डात रात्रपाळीला होती. त्यानंतर ती सारखी ऑक्सिजनचा काटा बघत बसायची. घरी मागच्या दाराने न्हाणीत, तिथून वेगळ्या खोलीत. पोरगा खिडकीतून बोलायचा. पुढे झोप उडाली तेव्हा रजेच्या अर्जात तिने लिहिलं "ताप". वरच्यांपैकी एकानेही तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. टाळ्या-थाळ्या तेवढ्या दोन्हीकडे वाजल्या.

पण इथलं सगळंच सोन्याचं आहे असं कुणी समजू नये. कर्मचाऱ्यांच्या मनासाठी 2021 मध्ये उघडलेली केंद्रं 2023 मध्ये पैसे थांबल्यावर बरीच बंद पडली. उलट, डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य हलकं करता येतं, हे आपल्या गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने आरोग्य केंद्रांत करून दाखवलं. सहा ते आठ भेटींत! ते संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, याचा मला इथल्या लोकांत बसून अभिमान वाटतो. मग हीच रीत आपल्याच नर्सांसाठी का नाही? शॅक, टॅक्सी, हॉटेलं बंद पडली तेव्हा घरंच्या घरं काळजीने पोखरली, त्यांच्यासाठी का नाही?

पगारासाठी गोवा सोडला असं मला अजून ऐकवतात. पगार आहेच, खोटं कशाला बोलू? पण थकले तर थकले म्हणून लिहिता येतं, हेही मला इथे राहायला पुरेसं कारण वाटतं.

मनोरुग्णालयाची पायरी चढायला वहिनी तयार नाही. वाड्यावर कळेल म्हणते. म्हणून तिला टेली-मानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर 14416 दिला. चवथ झाली की फोन करीन म्हणाली. चवथीपर्यंत थांबू नकोस, हा नंबर रात्रपाळीतही लागतो, एवढं सांगून ठेवलंय.