तुम्ही विचारलंत म्हणून : जाळीच्या दारापाशी

बँकेत दुपारी डबे उघडले की, लग्नाच्या पंगतीत, आणि भाची सुट्टीला आली की तर नक्कीच, एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही एवढं वाचता, नाटकं चुकवत नाही, मग शनिवारी रात्री ते तसले सिनेमे कसे काय बघता?" तसले म्हणजे एफबीआयचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे, दोन एजंट, एक सिरियल किलर, एक हरवलेली मुलगी आणि दीड तासात सगळा निकाल. आजवर मी "आवडतात" एवढंच सांगून विषय मिटवत आले. तो मिटवण्यासारखा विषय नाही, म्हणून आज नीट सांगते.

हे सिनेमे बहुतेक थिएटरला लागतच नाहीत. पूर्वी थेट कॅसेटवर यायचे, मग सीडीवर, आता फोनवर. पैसे कमी असतात आणि ते दिसतात. पोलीस ठाण्याचा सेट नको, गणवेशातली फौज नको. निळं जाकीट आणि पाठीवर तीन पिवळी अक्षरं असली की माणूस फेडरल, म्हणजे केंद्राचा, एजंट झाला. एक मोटेलची खोली, एक डायनर, एक ओसाड गोदाम, आणि बाकी सगळा रस्ता. जिथे सरकार करात सवलत देतं तिथे शूटिंग होतं. २०२१ चा 'मिडनाइट इन द स्विचग्रास' घ्या. गोष्ट फ्लोरिडातली, पण चित्रीकरण झालं प्वेर्तो रिकोत. पोस्टरवर मोठा नट असतो, पण त्याचं काम एक-दोन दिवसांत उरकलेलं असतं. म्हणून तो सिनेमाभर टेबलामागे बसून फोनवर बोलताना दिसतो.

त्या सिनेमात ब्रूस विलिस होता. त्या वर्षी त्याचे असे आठ सिनेमे आले आणि वाईट सिनेमांची थट्टा करणाऱ्या रॅझी पुरस्कारांनी त्याच्यासाठी वेगळा विभागच काढला. मार्च २०२२ मध्ये त्याच्या कुटुंबानं जाहीर केलं की त्याला अफेजिया झाला आहे, म्हणजे शब्द सापडेनासे होणं, बोललेलं उमगेनासं होणं. रॅझीवाल्यांनी तो पुरस्कार मागे घेतला. त्यानंतर मी ते सिनेमे पुन्हा पाहिले. खुर्चीत बसलेला, छोटी वाक्यं बोलणारा तो माणूस बघताना माझा जीव गलबलला. या स्वस्त सिनेमांना हसणारी माणसं भेटली की मला हटकून तो चेहरा आठवतो.

पण माझं कारण त्याहून जुनं आहे आणि ते आमच्या आप्पांपाशी जातं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पोलिसात हवालदार होते. नोकरीची बरीच वर्षं सातारा जिल्ह्यात, खंबाटकी घाटाच्या बाजूला, पुणे-बंगळूर रस्त्यावर गेली. त्या घाटात तेव्हा आठवड्याला काही ना काही व्हायचं. पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, की एक काम उरायचं आणि ते कुणालाच नको असायचं. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन सांगायचं. ठाण्यात ते काम आप्पांकडे आपोआप यायचं. कधी एसटीनं, कधी सायकलवर, कधी एखाद्या ट्रकमध्ये बसून ते त्या गावाला जायचे.

त्यांची एक पद्धत होती. उंबऱ्याबाहेर उभं राहून कधी सांगायचं नाही. टोपी काढायची आणि आधी पाणी मागायचं. घरातली बाई पाणी आणायला आत वळली की तेवढ्यात कोण कोण घरात आहे हे बघून घ्यायचं. म्हातारं कोण, पोटुशी कोण, चुलीवर काय आहे. पोलीस पाणी प्यायला बसला म्हटल्यावर शेजारचं कुणीतरी डोकावायचंच, आणि ते माणूस लागायचंच. मग तांब्या खाली ठेवून, नाव घेऊन, सरळ सांगायचं. "अपघात झालाय, दवाखान्यात चला" असं खोटं सांगून न्यायचं नाही. "त्या बाईला वाटभर आशा लावायची आणि मग तोडायची, हे पाप आपण का घ्यावं?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा केबलवाला रात्री उशिरा हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे लावायचा. आप्पांना झोप नसायची, मला माहेरी आले की आप्पांजवळ बसायचं असायचं. तशा एका रात्री एक सिनेमा लागला होता. सुरुवात चुकली होती, त्यामुळे नाव कळलंच नाही. दोन एजंट एका लाकडी घराच्या पायऱ्या चढतात. बाहेर जाळीचं दार. आतून एक बाई येते, कुठल्यातरी दुकानाचा कामाचा डगला अंगावर, हाताला पीठ. ती हात पुसते आणि जाळीतूनच बघत राहते. एजंट ओळखपत्र काढतो आणि दारातच सांगून टाकतो. बाई जाळीला धरून खाली बसते.

आप्पा ताठ बसले. म्हणाले, "आत जायला पायजे होतं. पाणी मागायला पायजे होतं त्यानं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण दोघं गेलेत ते बरं केलं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं बघायचं." पुढे कधीतरी मी वाचलं की अमेरिकेत पोलिसांना अशा निरोपासाठी हेच शिकवतात. फोनवर नाही, प्रत्यक्ष जाऊन. वेळ न दवडता. जोडीनं. साध्या शब्दांत, 'मृत्यू' हा शब्द न टाळता. आणि शक्यतो घरात बसून. आप्पांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते नुसते "हां" म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

तेव्हापासून मी या सिनेमांत तो प्रसंग शोधते. तो चित्रित करायला काही लागत नाही. एक दार आणि तीन माणसं. ज्या निर्मात्याला हेलिकॉप्टर परवडत नाही, त्याला दार परवडतं. म्हणून स्वस्त सिनेमांत हा प्रसंग बऱ्याचदा असतो आणि लांब असतो. कधीकधी त्या आईचं काम करणारी नटी एवढ्या दोन मिनिटांसाठीच आलेली असते, आणि ती ते असं करते की पुढचा पाठलाग डोळ्यांत शिरत नाही.

महागड्या सिनेमांनी वेगळीच वाट धरली. १९९१ च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'नं सर्वोत्तम चित्रपटासह पाच मोठी ऑस्करं घेतली आणि तेव्हापासून मारेकरी हा विद्वान, रसिक, सगळ्यांच्या पुढे चार पावलं असा झाला. तो सिनेमा उत्तमच आहे. पण त्याच्या मागून आलेल्यांनी त्यातला मारेकरी तेवढा उचलला, आणि तिथेच माझं त्यांच्याशी पटत नाही.

खरी हकिकत फार साधी आहे, आणि मला तीच जास्त थरारक वाटते. एफबीआयनं व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे वर्तनशास्त्राचा विभाग काढला १९७२ मध्ये. त्यातल्या लोकांनी तुरुंगांत जाऊन ३६ मारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि गुन्हेगाराचा अंदाज बांधण्याची रीत घडवली. सिनेमे तिथूनच निघाले. पण एक गोष्ट सिनेमात हमखास गाळतात. अमेरिकेत खून हा मुख्यतः राज्याचा गुन्हा. एफबीआय येऊन "आता ही केस आमची" असं म्हणत नाही. बहुतेक वेळा स्थानिक पोलिसांनी बोलावलं तर मदतीला येते. सिरियल किलरच्या तपासात अशी मदत करू देणारा कायदा झाला तोच मुळी १९९८ मध्ये.

आणि पकडतं कोण? सन ऑफ सॅम म्हणून न्यूयॉर्क ज्याच्या नावानं थरथरत होतं, तो १९७७ मध्ये सापडला, कारण अग्निशमनाच्या नळापाशी लावलेल्या त्याच्या गाडीला पार्किंगची पावती फाडली गेली होती. टेड बंडी १९७८ मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाला सापडला, रात्रगस्तीवरच्या पोलिसाला गाडीचा संशय आला म्हणून. गाडी चोरीची निघाली. १९९३ मध्ये जोएल रिफकिनच्या मागे पोलीस लागले ते गाडीला नंबरप्लेट नव्हती म्हणून. हे सगळं मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "मग! नाकाबंदीतच सापडतो. हुशारीनं नाही सापडत, उभं राहिल्यानं सापडतो."

मग फेडरल एजंट हवा कशाला? याचं उत्तरही रस्त्यावरच आहे. २००४ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या तपास खात्यातल्या एका विश्लेषकाच्या ध्यानात आलं की आय-४० या महामार्गाच्या पट्ट्यात ओक्लाहोमा, टेक्सास, अर्कान्सॉ, मिसिसिपी अशा राज्यांत बायकांचे मृतदेह टाकलेले सापडताहेत. प्रत्येक ठाण्यात एकेक कागद, आणि एका ठाण्याला दुसऱ्याची खबर नाही. लांब पल्ल्याचा ट्रक सकाळी एका राज्यातून बाईला उचलतो आणि रात्री तिसऱ्याच राज्यात टाकून जातो. ज्या गावात ती सापडली तिथे तिला कुणी ओळखत नाही, आणि जिथून गेली तिथे ती गेल्याचं कुणाला कळत नाही. त्यातून एफबीआयनं महामार्गावरच्या खुनांसाठी वेगळं काम उभं केलं आणि २००९ मध्ये ते जाहीर केलं. त्यांच्या यादीत पाचशेहून जास्त बळी होते. त्यांतल्या पुष्कळ बायका ट्रक थांबतात तिथे पोट भरणाऱ्या, नशेत अडकलेल्या, ज्यांच्या हरवल्याची तक्रार द्यायला कुणी धावत जात नाही अशा.

म्हणजे फेडरल एजंटचं खरं बळ हे की त्याला राज्याच्या हद्दीवर थांबावं लागत नाही. तो चार ठाण्यांतले चार कागद एका टेबलावर मांडू शकतो. स्वस्त सिनेमात हे मोटेलच्या पलंगावर पसरलेल्या फायलींतून दाखवतात, कारण ऑफिसचा सेट परवडत नाही, आणि ते मला पटतं. आप्पांच्या ठाण्यातही अनोळखी मृतदेहांचे फोटो एका जुन्या पाकिटात असायचे. बदली होईपर्यंत आप्पा अधूनमधून ते काढून बघायचे.

१ एप्रिल १९९० ला अ‍ॅरिझोनात आय-१० च्या कडेला एक ट्रक दिवे लुकलुकत उभा होता. गस्तीवरचा पोलीस गाडी बिघडली असेल, मदत करावी, म्हणून गेला. ट्रकच्या झोपायच्या कप्प्यात एक बाई साखळीनं बांधलेली होती, जिवंत. ड्रायव्हरचं नाव रॉबर्ट बेन ऱ्होड्स. पुढे तो खुनांत दोषी ठरला. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मारेकऱ्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "ती बाई वाचली ना?"

या सिनेमांत मला न सोसणारंही बरंच आहे. बांधलेल्या मुलीवर कॅमेरा रेंगाळतो, तिचे फाटलेले कपडे पुन्हापुन्हा दाखवतात, आणि तिचं नाव मात्र एकदाच येतं, तेही कुठल्यातरी फायलीत. तिथे मी बंद करते. बाई म्हणून मला ते बघवत नाही, आणि हवालदाराची मुलगी म्हणून तर मुळीच नाही. स्वस्ताई हे त्याला कारण होऊ शकत नाही; मेलेल्या मुलीचा मान राखायला पैसे लागत नाहीत.

आता भाचीचा पुढचा प्रश्न, की मग कुठला बघू? नाव मी सांगत नाही, कारण मलाही दहांतले सात बंदच करावे लागतात. पहिली वीस-पंचवीस मिनिटं बघ म्हणते. तोवर मारेकऱ्याचं लांबलचक भाषण झालं आणि आईचं घर आलंच नाही, तर सोडून दे. घर आलं, तर एजंट कुठे उभा राहतो ते बघ. मागच्या शनिवारचा मी शेवटपर्यंत पाहिला. त्यातली एजंट दारात काहीच बोलली नाही. आत गेली, मोठ्यानं चालू असलेल्या टीव्हीचा आवाज कमी केला, आणि मग त्या बाईच्या शेजारी बसली.