करारात एक ओळ वाढवली की झालं?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. समुद्र चढतोय, माणसं देशोधडीला लागतायत, मग 1951च्या निर्वासितविषयक करारात ‘हवामानबदल’ एवढं घालायला काय हरकत आहे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझी हरकत आहे.

त्या करारानुसार निर्वासित ठरायला छळाची भीती असावी लागते, आणि छळाची पाचच कारणं त्यात आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. समुद्र यांपैकी काहीच बघत नाही. पॅसिफिकमधल्या किरिबाती या बेटांच्या देशाचे योआने तेइतिओता यांनी चढत्या समुद्रामुळे न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला होता; ते याच मुद्द्यावर 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरले आणि त्यांची रवानगी मायदेशी झाली. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. तिथेही हरलेच, पण कसे ते बघा. त्यांच्या जिवाला नजीकचा धोका आहे असं समितीला वाटलं नाही. मात्र हवामानबदलाने जगण्याचा हक्कच धोक्यात येत असेल, तर माणसाला परत पाठवता येणार नाही, हे तिने मान्य केलं. 2020च्या जानेवारीत हा निर्णय जाहीर झाला. जुलै 2025मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही सल्लागार मतात हीच दिशा धरली. असं मत बंधनकारक नसतं, पण पुढच्या खटल्यातल्या वकिलाला ते पुरेसं उपयोगी आहे.

आता माझी हरकत. हा करार आज पुन्हा चर्चेला काढला, तर सरकारं त्यात भर घालतील की आहे तेही छाटतील? मला छाटणीच दिसते. शिवाय घर सुटलेले बहुतेक लोक सीमा ओलांडतच नाहीत. त्यांना परदेशातला आश्रय काय कामाचा? आफ्रिकेचा 2009चा कंपाला करार मला म्हणून जास्त जवळचा वाटतो. हवामानबदलासह आपत्तींमुळे देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. अंमलबजावणी रडतखडत आहे, ते वेगळं.

ज्यांना देश सोडावाच लागेल, त्यांच्यासाठी तुवालू हा पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा देश आणि ऑस्ट्रेलिया यांचा 2024पासून लागू झालेला करार बघा. वर्षाला तुवालूच्या 280 जणांना सोडतीने ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्य मिळतं, छळ सिद्ध करावा लागत नाही. पहिल्याच सोडतीसाठी कुटुंबीयांसह देशातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांची नावं नोंदवली गेली. दयाळूपणा म्हणून ऑस्ट्रेलियाने हे दिलेलं नाही. बदल्यात तुवालूला इतर देशांशी संरक्षणविषयक करार करायचे तर ऑस्ट्रेलियाची संमती लागते. आणि जमीन गेली तरी तुवालूचं राज्यत्व टिकेल, हेही त्यात लिहून घेतलंय.