तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाच्या शूटिंगशिवाय ड्रोनचं होतं काय?

लग्नात, तेराव्याला, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, कुठंही गेलो तरी कुणीतरी खुर्ची सरकवत जवळ येतं. "पोरगा ड्रोन घ्या म्हणून मागं लागलाय. लग्नाच्या शूटिंगशिवाय त्याचं होतं काय हो?" परवा एका जावळाच्या पंगतीत एका निवृत्त गुरुजींनी हेच विचारलं. पानात जिलेबी होती, म्हणून "सांगतो नंतर" म्हणून सुटलो. गुरुजी, आता सांगतो.

मीही लग्नांपासूनच सुरुवात केली. नवरदेव घोड्यावर, वर आपली घरघर, आणि वरातीतलं प्रत्येक पोर मान वर करून हात हलवतंय. तिथी संपल्या की ड्रोन कपाटात. बारमाही काम मिळालं ते उसामुळं.

सांगलीकडचा ऊस ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात तो डोक्याच्या वर गेला की आत शिरायची सोय नाही. पाल्यानं हात-तोंड कापून निघतं, पाठीवर पंप, खाली चिखल, आणि कुठल्या सरीत काय वळवळतंय ते दिसत नाही. 2002 साली आमच्याकडं उसावर लोकरी मावा ही कीड आली, तेव्हा वडील बांधावर उभे राहून पांढरी झालेली पानं नुसती बघत होते. आज तेवढ्याच उसावर माझा दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन सात-आठ मिनिटांत एकर उरकतो. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे लिटर पाणी सहज जातं, इथं दहा लिटरमध्ये भागतं.

पण ह्या दहा लिटरचा अर्थ नीट समजून घ्या. औषध तेवढंच, पाणी कमी, म्हणजे द्रावण दाट. नीट गाळलं नाही तर नोझल तुंबतं, म्हणून मी सुती फडक्यातून दोनदा गाळतो. हातमोज्याशिवाय बादलीला हात लावू देत नाही. शेतकरी हसतात, "एवढं काय मरत नाही माणूस." मग मी त्यांना 2017 चं यवतमाळ आठवून देतो. कपाशी वाढलेली, माणसं त्यात बुडून फवारत होती, आणि विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले. ड्रोननं उत्पन्न किती वाढतं ते मला विचारू नका. फवारा पडतो तिथं माणूस नसतो, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

द्राक्षाला मी ड्रोन नेत नाही. ह्यावरून एक-दोन बागायतदार माझ्यावर रुसलेत. दावण्या रोगाची पांढरी बुरशी द्राक्षाच्या पानाच्या खालच्या अंगाला असते आणि माझं औषध पडणार मांडवाच्या वरून. तिथं ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा. आणि टाकीत तणनाशक तर कधीच नाही. उसातलं टू-फोर-डी वाऱ्यावर शेजारच्या द्राक्षबागेत गेलं की पानं पंख्यासारखी आक्रसतात, आणि मग दोन घरांचं बोलणं कायमचं बंद. माझ्या फवारणीच्या सातशे रुपयांसाठी कुणाच्या पिढीजात शेजाराला चूड लावायची नाही.

मी आपटलोय का? आपटलोय. पहिल्याच हंगामात विजेच्या खांबाचा ताण, म्हणजे खांबाला आधार देणारी तार, दिसला नाही. खांब दिसतो, तार दिसते, पण तिरका ओढलेला ताण उसाच्या हिरव्यात पार मिसळून जातो. ड्रोनचे दोन हात मोडले, पंखे तुटले, दुरुस्तीला महिना गेला. तेव्हापासून आधी बांधावरून एक फेरी मारतो आणि प्रत्येक ताणाला लाल चिंधी बांधतो. आमच्या गावातली अर्धी लाल चिंधी माझीच आहे.

फवारणीपलीकडचं माझ्या आवडीचं काम म्हणजे दगडखाणीची मोजणी. किती ब्रास दगड काढला त्यावर सरकारचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ठरतं. पूर्वी कड्याच्या टोकाला एक माणूस काठी धरून उभा करायचे आणि खालून मोजायचे. आता वीस मिनिटं उडायचं, एकमेकांवर चढतील असे शेकडो फोटो काढायचे आणि रात्रभर कॉम्प्युटरला राबवायचं. खड्ड्याचं आकारमान हाती येतं. मात्र आकडा खाणमालकाच्या मनासारखा आला नाही की बिल निघायला वेळ लागतो, हा माझा अनुभव.

गावठाणाची मोजणी मी फक्त बघ्या म्हणून पाहिली. इंग्रजांनी सारा घ्यायला शेतं मोजली, गावठाण तसंच सोडलं. म्हणून घर आजोबांचं, पण कागद नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग झाला, पुढं 2020 मध्ये देशभर स्वामित्व योजना आली. ड्रोन यायच्या आधी घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारतात, म्हणजे वरून रेघ दिसावी. आमच्या आळीत दोन भाऊ पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावरून पहाटे पाचला त्या फक्कीवर भांडत होते. ड्रोन आला, पाच-दहा मिनिटं उडाला, गेला. भांडण अजून चालू आहे, फक्त आता दोघांकडं मिळकत पत्रिका आहे.

बाकीही बरंच चालतं. महामार्गाच्या कामाचं दरमहा चित्रण, साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांच्या पात्यांची तपासणी, सौर पॅनेलमधला तापलेला भाग उष्णतेच्या कॅमेऱ्यानं शोधणं. 2021 च्या डिसेंबरात जव्हारहून झाप गावाला लसी ड्रोननं पोचवल्या होत्या. त्या डोंगरात हे रोजचं झालं तर मला आनंदच आहे, पण घरोघरी पार्सल टाकणारा ड्रोन बघून पोराला मशीन घेऊन देऊ नका.

आता पैशाचं. पोरगा दहावी पास आणि अठरा पूर्ण हवा, मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र काढायला हवं. सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण नकाशा रोज बघायचा. घरातलं कुणी महिला बचत गटात असेल तर नमो ड्रोन दीदी योजनेची चौकशी करा, योजना आली तेव्हा त्यात ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत ठरली होती. ड्रोनच्या किमतीबरोबर बॅटऱ्यांच्या जोड्या, जनरेटर आणि छोटा टेम्पो धरा. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावणारा पोरगा असेल, तर आधी त्याला ट्रॅक्टरवर बसवा.

गुरुजी, रविवारी सकाळी सहाला गावाच्या खालच्या अंगाला तीन एकर तुरीची फवारणी आहे. पोराला घेऊन या. एक बादली त्याच्या हातात देतो, औषध गाळायला. वारा सुटला तर मात्र चहा पिऊन परत जाऊ.