शपथ आणि भारताचं तिकीट यांच्यात तीन-चार महिने मोकळे ठेवा

अमेरिकन नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज भरण्यापासून ते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) हातात येईपर्यंत सगळं मी केलं. आता ओळखीत कुणी विचारलं की सगळ्यात आधी तिकिटाचं सांगते. शपथ घेतली त्या क्षणी अमेरिकेचं नागरिकत्व मिळतं आणि त्याच क्षणी भारताचं संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्ये तसं स्पष्ट आहे, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. भारतीय पासपोर्टची सहा वर्षं शिल्लक असली तरी त्या दिवसापासून त्यावर प्रवास करायचा नाही, केला तर दंड होतो. ग्रीन कार्डही शपथेच्या हॉलमध्येच परत घेतात. म्हणजे अमेरिकन पासपोर्ट येईपर्यंत हातात असतं फक्त नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, आणि त्यावर विमानाने देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही.

आता सुरुवातीपासून. ग्रीन कार्डवर ‘रेसिडेंट सिन्स’ अशी तारीख छापलेली असते. तिथून पाच वर्षं मोजायची. अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन तीन वर्षं दोघं एकत्र राहत असाल तर तीन. अर्ज ९० दिवस आधी करता येतो, पण ते ९० दिवसच. कॅलेंडरवर ‘तीन महिने आधी’ असं मोजलं तर ते ९२ दिवस होऊ शकतात, आणि दोन दिवस लवकर गेलेला अर्ज फुकट जातो. पाच वर्षांत किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. शिवाय सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर वास्तव्यात खंड पडला असं धरतात आणि तो पडला नाही हे आपल्याला पटवून द्यावं लागतं. ग्रीन कार्ड असलेले आईबाबा दर हिवाळ्यात पुण्याला जातात आणि सात-आठ महिन्यांनी परतात, त्यांचं नेमकं इथे अडतं.

अर्जात सर्वात जास्त वेळ प्रवासाच्या यादीला लागतो. पाच वर्षांत २४ तासांपेक्षा जास्त देशाबाहेर असलेली प्रत्येक फेरी लिहायची असते. अमेरिका बाहेर जाताना शिक्का मारत नाही, त्यामुळे लोक पासपोर्टवरचा मुंबईचा शिक्का बघून तीच तारीख जाण्याची म्हणून लिहितात. पण नेवार्कहून १२ तारखेला संध्याकाळी निघालेला माणूस मुंबईत उतरतो १३ च्या रात्री, कधी मध्यरात्र उलटून १४ ला. अर्जात हवी १२. परतीला उलटं. मुंबईचं विमान रात्री दीडचं असेल आणि इमिग्रेशन अकराला उरकलं तर शिक्का आदल्या दिवसाचा पडतो, पण अर्जात हवी ती अमेरिकेत उतरल्याची तारीख. मी तीन गोष्टी समोर ठेवून यादी केली: विमान कंपनीच्या जुन्या ईमेल, पासपोर्टवरचे शिक्के आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) च्या संकेतस्थळावरचा प्रवासाचा इतिहास. जाण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस अमेरिकेतलेच धरले जातात, हे बेरीज करताना लक्षात ठेवा.

ऑनलाइन अर्जाची फी ७१० डॉलर, कागदी अर्जाची ७६०. ‘तुम्ही कधी’ या शब्दांनी सुरू होणारे प्रश्न एकेक करून नीट वाचा. एका प्रश्नाबद्दल कळकळीने सांगते: मतदार म्हणून कधी नाव नोंदवलं होतं का? ड्रायव्हिंग लायसन्स काढताना समोर आलेल्या कागदावर घाईत मतदार नोंदणीच्या चौकोनात टिक केलेली माणसं असतात. ग्रीन कार्डवाल्याने तसं करणं गंभीर समजलं जातं, त्यात नागरिकत्व अडकू शकतं. तसं झालं असेल तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. १८ ते २६ वयात ग्रीन कार्डवर असलेल्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या लष्करी भरतीसाठीच्या सरकारी यादीत, नोंदणी झाली आहे ना, हेही आत्ताच बघा.

मुलाखतीला फार घाबरू नका. इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं, प्रत्येकाला तीन संधी असतात. नागरिकशास्त्राची परीक्षा मात्र बदलली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर लागतात. त्याआधीच्या अर्जांना १०० पैकी १० आणि ६ बरोबर. आपले सिनेटर, गव्हर्नर, सभागृहाचा स्पीकर ही नावं मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा, जुन्या पुस्तिकेवर विसंबू नका. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत तेवढाच भाग पुन्हा देता येतो. आईबाबांसाठी महत्त्वाचं: वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची दुभाष्यामार्फत मराठीत देता येते.

शपथेनंतर हातात पडलेलं प्रमाणपत्र हॉल सोडण्याआधी वाचा. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये, ग्रीन कार्डवर ‘मिडल नेम’मध्ये, आणि कुठे तर गायबच. हा घोळ ओसीआयच्या अर्जात समोर येतो आणि मग प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला वगैरे मागतात. टायपिंगची चूक तिथल्या तिथे दाखवलीत तर सोपं जातं, नंतर वेगळा अर्ज आणि फी. प्रमाणपत्रावर कॉपी काढण्याबद्दल इशारा छापलेला आहे. तो बेकायदा वापरासाठी आहे, पासपोर्ट अर्जाला झेरॉक्स लागतेच.

पुढचा क्रम बदलता येत नाही: अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्टचं सरेंडर, मग ओसीआय. पासपोर्टचे १३० डॉलर आणि अर्ज स्वीकारण्याचे ३५. त्यासाठी मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं. ते पासपोर्टबरोबर नाही, वेगळ्या टपालाने परत येतं, म्हणून पाकिटात नसलं तर धसका घेऊ नका. सरेंडर झालेला पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. तो आणि सरेंडरचा दाखला कायम जपून ठेवा, उद्या मुलांच्या ओसीआयलाही लागतील. ओसीआयचा फोटो चौकोनी लागतो आणि सही रुंदीला उंचीच्या तिप्पट. माझ्या ओळखीतले बरेच अर्ज या सहीच्या मापावरच परत आले. मधल्या काळात घरी कुणी आजारी पडलं आणि जावंच लागलं, तर अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा घ्यायचा, जुन्या पासपोर्टला हात लावायचा नाही.

ग्रीन कार्ड असलेलं, आपल्याच घरी आणि ताब्यात असलेलं १८ वर्षांखालचं मूल पालकाच्या शपथेबरोबर आपोआप नागरिक होतं. त्याचाही पासपोर्ट लगेच काढा.

आता मतदानाचा हक्क आला, तर पहिल्याच निवडणुकीआधी नोंदणी करा. ज्यूरीची नोटीस येईल, ती टाळायची नसते. जगात कुठेही कमावलं तरी अमेरिकेचं कर विवरणपत्र भरावं लागतं, अगदी उद्या कायमचं नाशिकला राहायला गेलात तरी. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर तीही कळवायची. हे ग्रीन कार्डवरही लागू होतं, पण अनेकांना उशिरा कळतं.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. भारतात मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. बँकेत जाऊन एनआरई, एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यांचं केवायसी नव्या पासपोर्टवर करून घ्या. आणि गावच्या मतदार यादीत अजून नाव असेल, तर ते नमुना ७ भरून कमी करा. घरचे म्हणतील राहू दे, काय बिघडतं, पण नागरिक नसलेल्याचं नाव त्या यादीत ठेवता येत नाही.