तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पिकअपमध्ये इंजेक्टर क्लीनर टाकावा का?

कापूस जिनिंगला जायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. गाडी दहा-बारा वर्षांची झालेली. सकाळी सेल्फ दोन-तीनदा मारावा लागतो, भरल्या गाडीला चढावर काळा धूर येतो आणि अ‍ॅव्हरेज पडलेला असतो. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच क्लीनरची, म्हणजे डिझेलमध्ये मिसळून इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग, त्याचं तोंड म्हणजे नोझल) साफ करायच्या औषधाची, बाटली मांडलेली दिसते. टाकायची का?

टाकायला हरकत नाही, पण तिचा नंबर चौथा-पाचवा. खिशात एकाच गोष्टीचे पैसे असतील तर डिझेल फिल्टर घ्या.

आधी बोनेट उघडून गाडी कोणत्या जातीची आहे ते पाहून घ्या. इंजिनवरच्या डिझेल पंपापासून प्रत्येक नोझलला वेगळी लोखंडी नळी गेली असेल आणि नोझलच्या डोक्यावर वायर नसेल, तर ते जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन. सगळ्या नळ्या एका जाड आडव्या नळीतून निघत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा सॉकेट असेल, तर कॉमन रेल. हा फरक मोठा आहे. मेकॅनिकल नोझल दीड-दोनशे बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब 1,600 बारच्या घरात जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. जुनं इंजिन घाणेरडं डिझेल बरेच दिवस सहन करतं, कॉमन रेल करत नाही.

आता बाटली काय करते ते बघू. डिझेल क्लीनरमधलं मुख्य औषध म्हणजे डिटर्जंट. नोझलच्या बारीक भोकांच्या तोंडाशी बसलेला कार्बन आणि आतल्या सुईवर चढलेला चिकट थर ते हळूहळू सोडवतं. तेवढंच. झिजलेली सुई भरून येत नाही, मोडलेली स्प्रिंग जुळत नाही, टाकीतलं पाणी कुठे जात नाही. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने बसला असेल तर त्याच्यापर्यंत हे औषध पोचतच नाही, कारण तो हवेच्या वाटेवर आहे, डिझेलच्या नाही.

बऱ्याच बाटल्यांत सीटेन (डिझेल किती पटकन पेटतं त्याचं माप) वाढवणारं रसायनही असतं. त्यामुळे बाटली टाकली त्याच दिवशी स्टार्टिंग सुधारतं, ठोकण्याचा आवाज कमी होतो आणि माणूस म्हणतो, नोझल साफ झालं. ते टाकी संपली की जातं. खरी सफाई असेल तर फरक पुढच्या साध्या डिझेलवरही टिकतो. म्हणून पहिल्या दिवसाच्या अनुभवावर विश्वास ठेवू नका.

नोझलवर नाव घेण्याआधी दुसरे चोर तपासा. सकाळी स्टार्ट होत नाही पण एकदा चालू झाल्यावर दिवसभर काही तक्रार नाही, असं असेल तर बहुतेक वेळा डिझेलची लाइन हवा धरते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि इंजिनजवळचा रबरी होज वाळून तडकतो. त्या तड्यातून डिझेल बाहेर गळतंच असं नाही, कारण टाकी ते पंप या भागात ओढ असते. हवा आत शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या होजच्या जागी वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवा, बुडबुडे लगेच दिसतील. होज, त्याचे क्लिप, बँजो बोल्टची (नळी जोडायच्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसर आणि हातपंपाचं (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायच्या छोट्या पंपाचं) रबर, या चार जागा. एकूण खर्च बाटलीपेक्षा कमी.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एक लिटर डिझेल जाळायला दहा हजार लिटरच्या वर हवा लागते, आणि ती आपल्या पांदणीतल्या काळ्या मातीची धूळ घेऊनच येते. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर आणि नळी लांब धरून. जवळून जोरात मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, ती दिसत नाहीत, आणि तिथून गेलेली माती रिंग-पिस्टन खाते. टर्बोची (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा असलेली) गाडी असेल तर टर्बोपासून निघणारा हवेचा पाइप चाचपा. तेलाने ओला झालेला आणि फुगलेला पाइप बहुतेक फाटलेला असतो.

अ‍ॅव्हरेजचं तर कारण इंजिनमध्ये असेलच असं नाही. दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक लागून राहतोय. टायरची हवा कमी, क्लच सरकतोय, ही पण नेहमीची कारणं.

हे सगळं नीट असेल तर डिझेलकडे या. खरी गोम इथेच असते.

खेड्यात डिझेल पेट्रोल पंपावरून थेट टाकीत जातंच असं नाही. ट्रॅक्टर, पंपसेट आणि पिकअप, सगळ्यांसाठी कॅन नाहीतर ड्रम भरून आणला जातो. ड्रम गोठ्याजवळ उभा, बूच अर्धं लागलेलं, वरच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचलेलं. रात्री ड्रम थंड झाला की तेच पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. ड्रम आडवा ठेवा किंवा तिरपा करून बूच उंचावर येईल असं करा. काढताना तळाचे दोन-तीन लिटर ड्रममध्येच राहू द्या, नरसाळ्यात जाळी असू द्या. आणि डिझेल जस्ताच्या डब्यात, जस्ती नरसाळ्यातून कधी घेऊ नका. डिझेलमध्ये उतरलेलं जस्त अगदी नगण्य असलं तरी नोझलच्या भोकाशी कार्बन धरायला मदत करतं. प्लास्टिकचा कॅन चालेल, साधा लोखंडी ड्रम चालेल, गॅल्व्हनाइज्ड नको.

सेडिमेंटर (डिझेलमधलं पाणी खाली बसवणारं भांडं) किंवा फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू आठवड्यातून एकदा सोडायचा, पावसाळ्यात गाडी उभी राहिली असेल तर चालू करण्याआधी. इंजिन बंद ठेवा, खाली स्वच्छ काचेची बरणी धरा, स्क्रू हातानेच दोन-तीन आटे सैल करा आणि हातपंप दाबत राहा. स्वच्छ डिझेल आलं की बंद करा. स्क्रू प्लास्टिकचा असेल तर पाना लावून आवळू नका, आटे जातात.

बरणी अर्धा तास स्थिर ठेवून बघा, डोकं लावायचं ते तिथे. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. तळाशी तांबूस भुकटी असेल तर टाकी आतून गंजतेय. रेघेच्या जागी काळपट, शेंबडासारखा लगदा तरंगत असेल तर पाण्यात जंतू वाढले आहेत. त्यावर इंजेक्टर क्लीनर काही कामाचा नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. आणि वर स्वच्छ डिझेल, खाली एखादा थेंब, बास, तर तुमची टाकी चांगली आहे, आता बाटलीचा विचार करा.

टाकीत पाणी असताना बाटली टाकू नका. काही स्वस्त बाटल्यांत पाणी डिझेलमध्ये घोळवून टाकणारं द्रव्य असतं. तळाला बसलेलं पाणी मग दुधी होऊन फिल्टरमधून पार जातं आणि थेट पंप-इंजेक्टरमध्ये पोचतं. गंज तिथे चढतो.

बाटली घेताना लेबलवर ‘डिझेल’ लिहिलेलं बघा. पेट्रोलची बाटली वेगळी, ती यात चालत नाही. रॉकेल, पेट्रोल, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीचं तेल) असले गावठी उपाय सांगणारे प्रत्येक चौकात भेटतील. रॉकेलने धूर जरा कमी दिसतो, पण पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि रॉकेल ते वंगण पातळ करतं. नोझल वाचवायला जाऊन पंप जातो.

प्रमाण लेबलवर असतं तेच पाळा. 250 मिलीची बाटली 50 लिटरला सांगितली असेल तर 1 ला 200 असं प्रमाण झालं. अर्ध्या टाकीला अर्धी बाटली. दहा लिटरमध्ये अख्खी ओतून ‘डोस कडक’ करण्यात फायदा नाही, एकदम सुटलेली घाण फिल्टरला आणि नोझलला अडकते. टाकी पावपर्यंत आली की आधी बाटली ओतायची, मग वरून डिझेल भरायचं, म्हणजे आपोआप मिसळतं. ही टाकी दूध घालायला डेअरीपर्यंत जाऊन-येऊन संपवू नका. गाडी गरम होऊन, माल भरून, लांब चालली पाहिजे: वणीहून नागपूर, वरूडहून संत्र्याचे कॅरेट घेऊन अमरावती, अशी. थंड इंजिनवर कार्बन सुटत नाही, उलट बसतो.

नवा डिझेल फिल्टर आधीच विकत घेऊन गाडीत ठेवा. जुन्या टाकीतली घाण सुटली की रस्त्यातच फिल्टर चोक होऊ शकतो: गाडी चढावर ओढत नाही, रेस दिली तरी घुसमटते. तसं झालं नाही तरी ती टाकी संपल्यावर फिल्टर बदलाच. बदलताना नव्या फिल्टरमध्ये बाहेरून डिझेल ओतायची सवय अनेक मिस्त्रींना असते. कॉमन रेलमध्ये ती मोडा, न गाळलेलं डिझेल चुकून फिल्टरच्या स्वच्छ बाजूला गेलं तर सरळ पंपात जातं. फिल्टर कोरडाच बसवायचा, वरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करायचा आणि बिनबुडबुड्याचं डिझेल येईपर्यंत हातपंप मारायचा. थोडा घाम येईल, पण बॅटरी आणि सेल्फ दोन्ही वाचतात.

लागोपाठ दोन टाक्या दिल्या तरी फरक नसेल तर तिसरी बाटली घेऊ नका. फरक आहे की नाही हे कानाने ठरवू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, नेहमीच्या रस्त्याने नेहमीचा माल वाहा, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरून लिटर आणि किलोमीटर लिहा. दुसरं माप पीयूसीच्या कागदावर असतं. डिझेल गाडीच्या तपासणीत धुराचा आकडा छापलेला असतो. बीएस-4 च्या (धुराच्या सरकारी नियमांचा एक टप्पा) आधीच्या गाडीला 2.45 आणि बीएस-4 ला 1.62 ही मर्यादा. पास-नापासपुरता कागद बघून खिशात घालू नका, बाटलीआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून पाहा.

फरक नाही म्हटल्यावर कोणतं नोझल बिघडलंय ते शोधायचं. मेकॅनिकल इंजिनमध्ये सोपं आहे. इंजिन आयडलवर (रेस न देता चालू), डोळ्यावर चष्मा, हातात कापड, आणि एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा आटा सैल करायचा. इंजिन लगेच लंगडलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तो आळशी. त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्यात टाकून बघा. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं).

कॉमन रेलवर हे कधीही करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, पहिल्या तासात फारसं दुखतही नाही, आत मात्र बोट सडत जातं. असं झालंच तर हळद लावून घरी बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘डिझेल प्रेशरने आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.

कॉमन रेलसाठी रिटर्न (इंजेक्टरमधून मागे परत जाणारं डिझेल) टेस्ट असते. गरम इंजिन, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नची पारदर्शक नळी वेगळ्या सारख्या बाटलीत, दोन मिनिटं आयडल. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या तर ठीक. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, दाब रेलमध्ये टिकू देत नाही, म्हणूनच सेल्फ जास्त मारावा लागतो. झिजेवर बाटलीचा इलाज नाही.

बाकी देखभाल थोडक्यात. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, पण धुळीत आणि ओव्हरलोडमध्ये चालणाऱ्या गाडीला सांगितलेल्या किलोमीटरच्या आधी बदला. सीझनमध्ये रेडिएटरची जाळी कापसाच्या तंतूंनी आणि सोयाबीनच्या कुटाराने बुजते. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने मारा, पत्ती वाकवू नका. कूलंटमध्ये बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. जॉइंटच्या क्रॉसला ग्रीस, स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टचे नट आवळलेले, ही कामं ऑइलसोबतच करून घ्या.

नोझल काढायची वेळ आलीच तर टेस्टरवर फवारा आपल्या डोळ्यांनी बघा: धुक्यासारखा सुटला पाहिजे, शेवटी टोकाला थेंब लोंबता कामा नये. परत बसवताना तांब्याची वायसर नवीच हवी, आणि जुनी खाली बसकणीत चिकटून राहिली नाही ना ते टॉर्च मारून तपासायला लावा. दोन वायसरी एकावर एक बसल्या की नोझल वर उचलतं आणि धूर आधीपेक्षा वाढतो. कॉमन रेलचा इंजेक्टर नवा टाकला तर बहुतेक गाड्यांत त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. नाही भरला तर नवा इंजेक्टरही ठोकतो, आणि दोष पार्टला दिला जातो. तेव्हा गाडी सोडण्याआधीच गॅरेजमध्ये स्कॅनर आहे का, ते विचारून घ्या.