तुम्ही विचारलंत म्हणून: अजून बदलापूरलाच?

परवा भाच्याच्या साखरपुड्यात ताट हातात घेऊन उभी होते, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, अजून बदलापूरलाच?"

त्या 'च'चं मला वावडं आहे. बदलापूरला राहता का, असं कुणी विचारत नाही. बदलापूरलाच. जसं काही मला एखादं जुनं दुखणं आहे आणि माणसं अधूनमधून उतार पडला का बघायला येतात. ऑफिसात होते तेव्हा "तिकडे रेंज येते का हो?" आणि "पुण्याच्या अलीकडे की पलीकडे?" हे दोन विनोद वर्षातून निदान सहा वेळा ऐकायचे. रिटायर झाल्यावर विनोद थांबले, प्रश्न नाही थांबला. उलट आता गाडीचंही कारण उरलं नाही, मग राहिलात कशाला, असं.

गाडीचं मला सांगू नका. एकोणीस वर्षं मी इथून फोर्टला गेले, ६८ किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. बदलापूरहून सुटणारी लोकल बदलापूरकराला रिकामी मिळत नाही, हे ठाण्याच्या माणसाला पटतच नाही. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी बदलापूरकडे येणाऱ्या गाडीतच उलटी बसून 'रिटर्न' येतात. आपण फलाटावर ओढणी खोचून तयार, आणि गाडी येते ती खिडक्या भरूनच. त्यावरून मी भांडलेय. एकदा एकीला इतकं बोलले की ती रडली, आणि मी ठाण्यापर्यंत उभी राहून तिच्याकडे बघायचं टाळत होते. तेव्हा हाल नव्हते असं मी म्हणत नाही. पण माझा भाऊ घोडबंदर रोडला चोविसाव्या मजल्यावर राहतो आणि त्याला रिक्षाने ठाणे स्टेशन गाठायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी कधीकधी बदलापूरहून ठाण्याला पोचते. हे मी त्याला दर वेळी सांगते. तो दर वेळी हसतो.

इथे आलो कसे, तेही सांगते. वडील गिरणीत, ८२ चा संप, परळची खोली, आणि मग २००२ मध्ये परवडेल तिथे. नदीपासून थोडं आत, पश्चिमेला, चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. उल्हास नदी तेव्हा बिल्डरने 'व्ह्यू' म्हणून विकली होती.

'अजून बदलापूरलाच?' यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं: "इथे माणसं माणसांना धरून आहेत." आणि ते खोटं नव्हतं. २६ जुलै २००५ ला मी ऑफिसातच अडकले, ती तिसऱ्या दिवशी घरी पोचले. फोन लागत नव्हते. घरी सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना लागलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी न सांगता खाली आल्या, सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं, आणि दोन दिवस गॅसच्या शेवटच्या धुगधुगीवर अकरा माणसांना पिठलं-भात घातला. मी चिखल तुडवत आले तर मुलगी त्यांच्या गॅलरीत पत्ते खेळत होती. मला बघून म्हणाली, "आई, थांब, डाव चालू आहे."

हा प्रसंग मी शेकडो वेळा सांगितलाय. त्यावर लोक गप्प होतात. मीही खूश व्हायचे.

पण मी दुसराही एक प्रसंग सांगायचे, आणि तो मी अर्धा सांगायचे.

२०१९. तारीख पुन्हा तीच, २६ जुलै, शुक्रवार. कर्जतकडे कोसळला की नदी आमच्याकडे चढते, हे आता इथल्या पोरासोरांना कळतं. त्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर माणसं दुसऱ्या दिवशी बोटींनी काढली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आम्ही नाही पाहिलं. आमच्याकडे वीज नव्हती.

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. रात्री दीडच्या सुमाराला तळमजल्यावरच्या तिन्ही घरांत पाणी शिरलं. त्यांना आम्ही वर घेतलं. गाद्या, गॅसच्या टाक्या, एकाची शिलाई मशीन, सगळं माणसांच्या साखळीने जिन्यातून वर आलं. कुणी कुणाला सांगत नव्हतं, हात आपोआप पुढे येत होते. हे खरं आहे. मग चेअरमननी सांगितलं की खालचं चॅनल गेट लावून घ्या, अशा वेळी चोऱ्या होतात. मी लावलं. कुलूप घातलं. चावी माझ्या गाऊनच्या खिशात.

अडीचला गेट वाजायला लागलं. मी बॅटरी घेऊन पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत उतरले. त्याखाली पाणी होतं, काळं, वर थर्माकोलचे तुकडे आणि कुणाच्यातरी चपला. गेटच्या पलीकडे मागच्या बैठ्या चाळीतली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. बारा-चौदा असतील. सगळ्यात पुढे आमच्या मावशी. अकरा वर्षं माझ्याकडे धुणीभांडी करत होत्या. एका खांद्यावर नातू, आणि डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं, दोरीने हनुवटीखाली बांधलेली. रेशनकार्ड असणार. दुसऱ्या हाताने त्यांनी गेटची पट्टी धरली होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "पोराला तरी घ्या."

आणि मी म्हणाले, "थांबा हं, विचारते."

विचारते. चावी खिशात होती.

मी वर गेले आणि खरंच विचारलं. दुसऱ्या मजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात आमची कमिटी बसली, म्हणजे पाच-सहा जण उभ्याउभ्या बोलायला लागले. एवढी माणसं घालायची कुठे? गच्चीवर पत्रा नाही. सगळे ओळखीचे आहेत का? मागे एकदा पंपाची केबल गेली होती ती कुणी नेली? चेअरमन म्हणाले, "बायकापोरं घेऊ, बाकीच्यांना शाळेकडे जाऊ दे." शाळा म्हणजे त्या पाण्यातून आणखी पाच मिनिटं चालत. कुणी वाईट माणूस नव्हतं हो. त्यातल्या एकाने २००५ मध्ये दोराला धरून चार जणांना बाहेर काढलं होतं. आणि मी? मी म्हणाले, "ठरवा काय ते लवकर." तेवढंच. मी विरोध केला असं मी नंतर काही जणांना सांगितलंय. केला नव्हता.

किती वेळ गेला? मी म्हणते वीस मिनिटं. माझी मुलगी म्हणते, आई, अर्धा तास तरी होता. शेवटी चौथ्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा पोरगा खाली आला, ऐकत उभा राहिला, आणि माझ्यासमोर हात पसरून म्हणाला, "काकू, चावी." आवाज चढवला नाही. मी दिली. तो छातीभर पाण्यात उतरला. पाण्याखाली गेलेलं कुलूप त्याने चाचपून उघडलं.

सगळे वाचले. पहाटे चहा झाला, सकाळी पोहे झाले, त्या चौदा माणसांना चौथ्या मजल्यावर कोरडे कपडे मिळाले. मावशींच्या नातवाला मी माझ्या हाताने दूध-बिस्कीट भरवलं. त्याचा कुणीतरी फोटो काढला. त्या वर्षी गणपतीत कमिटीने 'माणुसकीचा जिना' असा फलक लावला, आणि मला नारळ दिला. मी घेतला.

मग मी ती गोष्ट सांगायला लागले. "२०१९ ला आमच्या जिन्यात चौदा माणसं होती, तुमच्या टॉवरमध्ये घेतील का?" भावाला हे तीनदा तरी ऐकवलंय. वीस मिनिटं गाळून.

पुरानंतर नवव्या दिवशी मावशी कामाला आल्या. नेहमीसारखी भांडी घासली, लादी पुसली. जाताना पदराची गाठ सोडली आणि माझ्या घराची चावी ओट्यावर ठेवली. मी ऑफिसला लवकर निघायचे म्हणून ती अकरा वर्षं त्यांच्याकडेच असायची.

"राहू द्या तुमच्याकडंच. माझ्याकडनं हरवंल."

हरवली असती, असं तेव्हा मी स्वतःला पटवलं. पुरात त्यांचं सगळं गेलं होतं, चावी मात्र कशी राहिली, हे माझ्या डोक्यात पुष्कळ उशिरा आलं.

तर आता तुम्ही म्हणाल, मग राहता कशाला? अगदी हेच मीही मला विचारते. २०१९ च्या आधीची मी असते तर म्हणाले असते, इथली शांतता. खिडकीतून मलंगगडाच्या बाजूचे डोंगर, पावसाच्या तोंडावर स्टेशनबाहेर टोपलीतली जांभळं, ज्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. कुणाच्या घरी आजारपण असलं की चौथ्या मजल्यावरून सूप येतं. पण त्या बाईचं मला आता पुरतं पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर इथली माणसं दहा तास रुळांवर बसली, तेव्हा जुन्या ऑफिसातून फोन आले, "शांत गाव ना तुमचं?" मी फोनवर भांडले. ठेवल्यावर वाटलं, शांत म्हणजे नक्की काय म्हणत होते मी इतकी वर्षं? गेट लावलेलं असणं?

पैशाचंही सांगून टाकते. पूर येणाऱ्या बिल्डिंगमधला, लिफ्ट नसलेला फ्लॅट विकून ठाण्यात न्हाणीघरही येणार नाही. त्यामुळे 'मी राहायचं ठरवलंय' हे अर्धं ढोंग आहे. उरलेलं अर्धं काय आहे ते मला नीट सांगता येत नाही.

भाच्याने मध्यंतरी एका फ्लॅटचे फोटो पाठवले. तो आणि मुलगी मिळून भर घालतो म्हणाले. सतरावा मजला, हवा उत्तम. खाली दोन सुरक्षारक्षक, कामवाल्या बाईंचा फोटो काढून कार्ड देतात, त्यांची लिफ्ट वेगळी. "सेफ आहे आत्या," तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला. मी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. नको असं मी अजून म्हटलेलं नाही.

२०२० मध्ये मी वार्षिक सभेत मांडलं की जून ते सप्टेंबर चॅनल गेटला कुलूप नको. सभा फोनवर होती, निम्म्यांचा आवाज म्यूट. ठराव पडला. दोन वर्षांनी पुन्हा मांडला, पुन्हा पडला. तो इंजिनीअरिंगवाला पोरगा आता बंगळुरूला असतो. सेक्रेटरीपद मी सोडलं, पण गेटची चावी परत केली नाही. नव्या सेक्रेटरीने डुप्लिकेट करून घेतली आणि विषय काढला नाही.

मावशी अजून येतात. गुडघे गेलेत त्यांचे, लादी आता मीच पुसते, भांडी त्या. सकाळी बेल वाजते, मी उठून दार उघडते. पुराबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही. फक्त दर वर्षी जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस झाला की, पाठ माझ्याकडेच ठेवून, नळाखाली कुकर धरून त्या विचारतात,

"ताई, यंदा गेटची चावी कुणाकडं?"

"माझ्याकडे," मी सांगते.

त्या 'हं' म्हणतात आणि कुकर पालथा घालतात.